संध्याकाळचा वर्ग आणि दूरची भाषा : सर्बियन-क्रोएशियन शिकताना मराठी कशी उपयोगी पडते?



आपण इथे नेहमी पहिली-दुसरीच्या मुलांच्या भाषेविषयी बोलतो. आजचा लेख थोडा वेगळा आहे. मोठी माणसं, दिवसभर काम करून दमलेली माणसं, संध्याकाळी बसून एक पूर्ण अनोळखी भाषा कशी शिकतात, हे मला जवळून बघायला मिळालं. त्यातून वर्गात शिकवण्याविषयी मला जे कळलं, ते डीएडच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात कशी झाली?

आमचं उमरोळी पालघर आणि बोईसर या दोन स्टेशनांच्या मधलं छोटं स्टेशन. इथल्या पुष्कळ घरांत कोणी ना कोणी बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत कामाला आहे. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील शाळा सुटल्यावर भेटायला आले. ते वेल्डर आहेत. मला वाटलं मुलीच्या प्रगतीविषयी विचारतील. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. क्रोएशिया देशातल्या नोकरीचा करार होता. ते म्हणाले, "मॅडम, एजंट म्हणतो तिकडे इंग्रजी चालतं. पण आधी गेलेला एक जण म्हणतो की फोरमन इंग्रजी बोलतच नाही. तुम्ही भाषा शिकवता ना, मला थोडं शिकवा."

मी म्हटलं, "दादा, मी पहिली-दुसरीला मराठी शिकवते. ही भाषा मला एक अक्षर येत नाही."

ते म्हणाले, "मग दोघं मिळून शिकू."

आठवड्याभरात आम्ही चौघं झालो. ते, त्यांचा पुतण्या, शेजारचे एक गृहस्थ आणि मी. शेजारच्यांना क्रोएशियात नाही, सर्बियात बांधकामावर जायचं होतं. म्हणजे एकाला क्रोएशियन हवी, दुसऱ्याला सर्बियन! मला वाटलं दोन वर्ग घ्यावे लागतील. तसं झालं नाही. का, ते पुढे सांगते.

परदेशी भाषांचे वर्ग आपल्या राज्यात नाहीत असं नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकवतात. मुंबई विद्यापीठात रशियनचा विभाग आहे. २०२४ साली राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून जर्मनची चर्चा तर गावोगावी आहे. पण शिफ्ट सुटल्यावर उमरोळीहून पुण्या-मुंबईला कोण जाणार? म्हणून आमच्या घराच्या ओटीवर आठवड्यातून तीन दिवस, साडेसात ते साडेआठ असा वर्ग सुरू झाला. साधन एकच, मोबाईल. झाग्रेब विद्यापीठात 'क्रोआटिकुम' नावाचं केंद्र परदेशी लोकांना क्रोएशियन शिकवतं. इंटरनेटवर या भाषेचे प्राथमिक धडे फुकट मिळतात, उच्चारही ऐकता येतात. तेवढ्यावर आमचं काम भागलं.

कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती. आमची ओटी म्हणजे त्याच वाटेवरचं एक छोटं पाऊल, असं मी मनाला समजावलं.

एक भाषा की दोन?

पहिला प्रश्न हाच आला. थोडक्यात इतिहास असा.

सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया आणि माँटेनेग्रो हे चारही देश पूर्वी युगोस्लाव्हियात होते. तिथे या भाषेला 'सर्बो-क्रोएशियन' म्हणत. एकोणिसाव्या शतकात वुक कराजिच या सर्बियन अभ्यासकाने बोलीभाषेतले शब्द गोळा करून १८१८ साली शब्दकोश काढला आणि सिरिलिक लिपी सुधारली. त्याचा आग्रह होता की जसं बोलतो तसंच लिहायचं आणि जसं लिहिलंय तसंच वाचायचं. क्रोएशियात ल्युदेवित गायने १८३० साली रोमन लिपीसाठी तशीच व्यवस्था सुचवली. १८५० मध्ये दोन्हीकडचे विद्वान व्हिएन्नात जमले आणि समान भाषेविषयी त्यांनी एक करार केला. १९९१ नंतर युगोस्लाव्हिया फुटला, युद्ध झालं, आणि प्रत्येक देशाने आपल्या भाषेला आपलं नाव दिलं. १ जुलै २०१३ रोजी क्रोएशिया युरोपीय संघात गेला, तेव्हा क्रोएशियन ही संघाची चोविसावी अधिकृत भाषा झाली.

बोलायला बसलं तर दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचं जवळजवळ सगळं समजतं. फरक आहेत ते असे :

१. दूध : क्रोएशियनमध्ये 'म्लियेको', सर्बियनमध्ये 'म्लेको'. हा 'ये'चा फरक शेकडो शब्दांत दिसतो. 'मला समजत नाही' हे तिकडे 'ने राझुमियेम', इकडे 'ने राझुमेम'.

२. ब्रेड : क्रोएशियन 'क्रुह', सर्बियन 'ह्लेब'.

३. रेल्वेगाडी : क्रोएशियन 'व्लाक', सर्बियन 'वोझ'.

४. हजार : क्रोएशियन 'तिसुचा', सर्बियन 'हिल्यादा'.

५. पगार : क्रोएशियन 'प्लाचा', सर्बियन 'प्लाता'. हा शब्द आमच्या वर्गात सगळ्यात लवकर पाठ झाला!

६. आठवडा : क्रोएशियन 'त्येदान', सर्बियन 'नेदेल्या'. इथे सांभाळायचं. हाच शब्द किंचित बदलून क्रोएशियनमध्ये फक्त 'रविवार' या अर्थाने येतो. सर्बियनमध्ये त्याचे दोन्ही अर्थ होतात. 'पैसे आठवड्याने' आणि 'पैसे रविवारी' यांत कामगाराच्या दृष्टीने किती फरक आहे, बघा.

आम्ही वहीत दोन रकाने आखले. समान शब्द मध्ये, वेगळे शब्द आपापल्या बाजूला. मधली जागा भरून वाहायची, बाजूच्या जागा रिकाम्या राहायच्या. एक नियम मात्र ठरवला. झाग्रेबला गेलं की भाषेला 'ह्रवात्स्की' म्हणायचं आणि बेलग्रेडला गेलं की 'सर्प्स्की'. ती एकच भाषा आहे की दोन, हा वाद पाहुण्याने त्यांच्या घरात जाऊन घालायचा नाही. गोव्यात कोकणी-मराठीच्या नावावरून माणसं किती दुखावली गेली, ते आपण पाहिलेलंच आहे.

लिपी : 'पेक्टोपाह' म्हणजे काय?

सर्बियात सिरिलिक आणि रोमन अशा दोन्ही लिप्या चालतात, मुलं शाळेत दोन्ही शिकतात. क्रोएशियात रोमन. दोन्हींत ३० अक्षरं आणि एका ध्वनीला एकच अक्षर. इंग्रजी स्पेलिंगने छळलेल्या माणसाला हे ऐकूनच बरं वाटतं. देवनागरी वाचणाऱ्याला तर ही पद्धत ओळखीचीच.

गंमत होते ती सिरिलिकमध्ये. शेजारच्या काकांनी मोबाईलवर हॉटेलच्या पाटीचा फोटो पाहिला आणि मोठ्याने वाचलं, "पेक्टोपाह". खरा शब्द होता 'रेस्तोरान'. कारण सिरिलिकमध्ये इंग्रजी पी-सारखं दिसणारं अक्षर 'र' असतं, सी-सारखं 'स', एच-सारखं 'न'. सगळे पोट धरून हसले. मग काकांनीच विचारलं, "मॅडम, पहिलीतली पोरं 'भ' आणि 'म' मध्ये अशीच अडकत असतील ना?" अगदी तशीच अडकतात.

उच्चार : आपला 'च' इथे कामाला येतो

रोमनमधल्या सी या अक्षराचा उच्चार इथे 'त्स' होतो. हिंदी भाषकाला तो मुद्दाम शिकावा लागतो. मराठी माणसाला नाही. 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च वेगळे आहेत, हे आपण कधी शिकलो नाही, पण बोलतो बरोबर. 'चाक'मधला च म्हणजेच तो सी. डोक्यावर टिकलीसारखं चिन्ह असलेला सी म्हणजे 'चहा'तला च. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले, दोन मिनिटांत काम झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे 'ऋ'. आपण 'ऋषी' लिहितो पण 'रुषी' म्हणतो. या भाषेत 'र' खरोखर स्वरासारखा वापरतात. 'मृत्यू'ला शब्द आहे 'स्मृत' (आपल्या 'स्मृती'शी त्याचा संबंध नाही), बोटाला 'पृस्त', आणि क्रोएशियात एका बेटाचं नावच 'कृक' आहे. मृत्यूच्या शब्दातला 'मृत' हा भाग आणि आपला 'मृत' एकाच मुळाचे.

नाती : सून, दीर, जाऊ

इथे आमचा वर्ग खऱ्या अर्थाने जिवंत झाला. मराठी, संस्कृत, सर्बियन, क्रोएशियन या सगळ्या भारत-युरोपीय कुलातल्या भाषा आहेत, हे पुस्तकात वाचलं होतं. पण हे शब्द बघा :

सून – संस्कृत स्नुषा – त्यांचा 'स्नाहा'
दीर – देवर – 'देवेर'
जाऊ – यातृ – 'येत्र्वा'
सासू – श्वश्रू – 'स्वेक्र्वा'
सासरा – श्वशुर – 'स्वेकार'
भाऊ – भ्राता – 'ब्रात'

वेल्डर दादांच्या पत्नी आत पोळ्या लाटत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "म्हणजे तिकडेही बाईच्या सासरची इतकी नावं आहेत? इंग्रजीत तर सगळ्यांना एकच शब्द." बरोबर ओळखलं त्यांनी. इंग्रजीत दीर, मेहुणा सगळे एकाच शब्दात बसतात. इथे बसत नाहीत.

अंक म्हणताना संस्कृत आठवत राहतं : द्वा, त्री, चेतिरी, पेत, शेस्त, सेदाम, ओसाम, देवेत, देसेत. शंभरला 'स्तो', आपलं शत. 'आम्ही आहोत' याला 'स्मो', संस्कृतात 'स्मः'. धूर म्हणजे 'दिम' (धूम), मध म्हणजे 'मेद' (मधु), आग म्हणजे 'ओगान्य' (अग्नी).

दुसरा गट तुर्की अमलातून आला. आपल्याकडे बहामनी आणि आदिलशाही काळात फारसी-अरबी शब्द आले, तिकडे ऑटोमन तुर्कांबरोबर गेले. म्हणून 'दुचान' म्हणजे दुकान, 'शेचेर' म्हणजे साखर, 'सापुन' म्हणजे साबण, 'तोप' म्हणजे तोफ, 'बाकशिश' म्हणजे बक्षीस. चहाला 'चाय'. एवढ्यावर किराणा दुकानात उभं राहता येतं.

फसवे शब्दही आहेत. 'बाबा' म्हणजे आजी! वडिलांना 'ताता', आपलं जुनं 'तात'. 'या' म्हणजे मी. 'ती' म्हणजे तू. पण फोरमनला 'ती' म्हणायचं नाही, 'वी' म्हणायचं, म्हणजे तुम्ही. हा मान-अपमानाचा भाग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

जाता जाता एक माहिती. फिलिप वेझदिन नावाचा क्रोएशियन कुटुंबात जन्मलेला धर्मगुरू १७७६ ते १७८९ केरळच्या मलबार भागात राहिला. युरोपात छापलेलं पहिलं संस्कृत व्याकरण त्याचं, १७९० साली रोममध्ये निघालेलं. म्हणजे त्यांच्यातला एक माणूस आपल्याकडे येऊन शिकला होता. आता आपली पाळी.

व्याकरण : विभक्ती आणि तीन लिंगं

इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं की या भाषेच्या सात विभक्ती फार अवघड. आपण तर शाळेत आठ पाठ केल्या! प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी, संबोधन, सगळ्यांना तिथे जोडीदार आहे. वेगळी पंचमी नाही, तिचं काम षष्ठीचं रूप करतं.

उदाहरण : 'उ झाग्रेबु' म्हणजे झाग्रेबमध्ये. 'इझ झाग्रेबा' म्हणजे झाग्रेबहून. 'उ झाग्रेब' म्हणजे झाग्रेबला जायचंय. नावाचं शेपूट बदलतं. मग आम्ही आपल्याच गावावर प्रयोग केला : 'या साम इझ पालघरा', मी पालघरचा आहे. हे पहिलं पूर्ण वाक्य ज्या दिवशी तिघांनी न अडखळता म्हटलं, त्या दिवशी चहा झाला.

'पेन्सिलीने लिहितो' याला 'पिशेम ओलोव्कोम'. आपला 'ने' शब्दाला चिकटतो, तसाच त्यांचा 'ओम'. आपल्याकडे 'पाणी'चं 'पाण्याने' होतं, तिकडे 'वोदा'चं 'वोदोम'.

लिंगं तीन. हिंदीत दोन, इंग्रजीत क्रियापद-विशेषणांवर त्याचा परिणामच नाही. पण मराठीत नवा रस्ता, नवी वही, नवं गाव. त्यांच्याकडे 'नोवी ग्राद' (नवं शहर, पुल्लिंगी), 'नोवा क्न्यिगा' (नवं पुस्तक, स्त्रीलिंगी), 'नोवो सेलो' (नवं गाव, नपुंसकलिंगी). 'नव' तोच! एक सावधगिरी बाळगायची : आपला 'आ' पुल्लिंगी, त्यांचा 'आ' स्त्रीलिंगी. दादा दोन आठवडे स्वतःविषयी 'या साम रादिला' म्हणत होते, म्हणजे 'मी काम केलं' हे बाईने म्हणावं तसं. पुरुषाने 'रादिओ' म्हणायचं. मी त्यांना सांगितलं, "कोणी 'मी गेले' म्हणणारा पुरुष भेटला तर तुम्हाला कसं वाटेल, तसं त्यांना वाटेल." परत चूक झाली नाही.

सगळंच सोपं आहे असं मी म्हणणार नाही. क्रियापदाच्या जोड्या आम्हाला शेवटपर्यंत जड गेल्या. 'पिसाती' म्हणजे लिहीत असणं आणि 'नापिसाती' म्हणजे लिहून संपवणं. जवळजवळ प्रत्येक क्रियेला अशी जोडी. 'लिहीत होतो' आणि 'लिहून टाकलं' हा फरक आपण दोन शब्दांनी दाखवतो, ते क्रियापदच बदलतात. त्या पाठ करण्याला पर्याय नाही.

मोठ्यांचा वर्ग : मला काय दिसलं?

१. लाज ही पहिली अडचण. पहिले काही दिवस दादा वही मुलीपासून लपवून ठेवायचे. बापाला वाचता येत नाही हे पोरीला दिसू नये म्हणून. एके दिवशी तिने वही शोधली आणि तीच त्यांची श्रुतलेखनं घ्यायला लागली. दुसरीतली मुलगी, चूक सापडली की लाल पेनने गोल करायची. त्यानंतर त्यांची गाडी सुसाट सुटली.

२. थकवा खरा असतो. दोन पाळ्या लागून आल्या की माणूस बसल्या जागी डुलक्या घेतो. म्हणून तासाचे तीन भाग केले : वीस मिनिटं ऐकणं-बोलणं, वीस मिनिटं लिहिणं, वीस मिनिटं मालक-कामगार असं नाटक. नाटकात कोणी झोपत नसे.

३. गरजेचे शब्द आधी. 'ओपास्नोस्त' (धोका), 'झाब्रान्येनो' (मनाई), 'इझ्लाझ' (बाहेर जायचा रस्ता), 'बोल्नित्सा' (दवाखाना), 'उगोवोर' (करार), 'पोलाको' (हळू). रंग आणि फुलांची नावं नंतर.

४. सगळे टिकत नाहीत. पुतण्याने पाचव्या आठवड्यात सोडलं. मी त्याला समजावायला गेले नाही, आता वाटतं जायला हवं होतं.

पालकांसाठी एक सूचना. परदेशातल्या नोकरीसाठी पैसे देण्याआधी एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा आणि कराराचं समजेल अशा भाषेत भाषांतर मागा. दादांच्या कागदावर पगाराचा आकडा ठळक होता, पण राहण्याचा खर्च कोण करणार ते बारीक अक्षरात. 'उगोवोर' आणि 'प्लाचा' हे शब्द ओळखता आले म्हणून त्यांनी बोट ठेवून ते विचारलं. उत्तर मिळायला तीन आठवडे लागले. पण मिळालं, आणि लेखी मिळालं.

आणि आपली पहिलीची मुलं

आता मुख्य मुद्दा. आम्ही ही भाषा शिकू शकलो कारण प्रत्येक पायरीवर मराठीचा हात धरला. दोन 'च', तीन लिंगं, विभक्ती, सून-दीर, तू-तुम्ही. कोणी आम्हाला 'मराठी विसरा, फक्त क्रोएशियनमध्ये विचार करा' म्हटलं असतं तर पहिल्याच आठवड्यात ओटी रिकामी झाली असती.

मग माझ्या वर्गात मी काय करत होते? माझ्याकडे घरी वारली बोलणारी मुलं आहेत, मांगेली आहेत, वाडवळी आहेत, भोजपुरी आणि हिंदी बोलणारीही आहेत. त्यांतला एक मुलगा दिवाळीपर्यंत वर्गात बोललाच नाही. मी शेऱ्याच्या वहीत लिहिलं होतं, 'भाषा येत नाही'. त्याला भाषा येत होती. माझी येत नव्हती, आणि मला त्याची येत नव्हती. ओटीवर 'पेक्टोपाह' म्हणून झाल्यावर हे मला लख्ख कळलं.

आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम केलं, ते मुलांच्या घरातून, अंगणातून, त्यांच्या ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात करून. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. समजलं आत्ता.

वर्गात करून बघा

१. भिंतीवर दोन-तीन रकान्यांचा तक्ता लावा. एक वस्तू, आणि मुलांच्या घरी तिला काय म्हणतात ते प्रत्येक रकान्यात. समान शब्दांना एकच रंग द्या.

२. आठवड्यातून एकदा मुलं शिक्षक आणि तुम्ही विद्यार्थी. त्यांच्या भाषेतली पाच वाक्यं शिका. चुका, आणि त्यांना हसू द्या.

३. मुलाचं 'चुकीचं' रूप लगेच खोडू नका. ते कोणत्या भाषेच्या नियमाने बरोबर आहे, ते आधी शोधा.

४. जमत असेल तर स्वतः एखादी नवी भाषा शिकायला घ्या. आठवड्याला तीन तास पुरतात. पहिलीतलं मूल होणं म्हणजे काय, ते परत कळतं.

शेजारचे काका अजून व्हिसाची वाट बघत आहेत, वर्गाला येतात. दादा गेले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मी विचारलं, भाषा जमते का? म्हणाले, "मॅडम, अर्धं कळतं, अर्धं विचारतो. 'पोलाको' म्हटलं की माणसं हळू बोलतात." मग मुलीने फोन ओढून घेतला आणि त्यांना हजारापर्यंत आकडे म्हणायला लावले. तिसुचा म्हणून झाल्यावरच सोडलं.

तुमच्या वर्गात किंवा गावात मोठ्यांचा असा वर्ग चालत असेल तर तुमचे अनुभव जरूर कळवा.